जांभूळ, कुंभा आणि रामेठा: लाकडाने सांगितलेली नाती

आजचा विषय वनस्पतिशास्त्राच्या इतिहासातला आहे, पण त्यासाठी आपल्याला फार लांब जायला नको. महाबळेश्वर, कास, कोयना, चांदोली आणि आटपाडी एवढा टापू पुरेसा आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली पाच झाडं आपण आज सोबतीला घेऊ. जांभूळ, अंजनी, डाळिंब, कुंभा आणि रामेठा. गेल्या दीडशे वर्षांत या झाडांची नाती ठरवताना शास्त्रज्ञांमध्ये बरीच ओढाताण झाली. कुणाला एका कुळातून काढून दुसऱ्यात घातलं, कुणाला स्वतंत्र कूळ दिलं, कुणाला पुन्हा आत घेतलं. या ओढाताणीत फुलाबरोबर लाकडाचीही साक्ष काढली गेली. ती कुठे खरी ठरली आणि कुठे फसवी ठरली, हे आज बघायचं आहे.

सुरुवात मिरजेपासून करू. मिरजेची सतार आणि तंबोरा प्रसिद्ध आहेत. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळा सगळ्यांना दिसतो, पण दांडीला लागतं ते तुनाचं लाकूड. इंग्रज व्यापारी या लाकडाला ‘सीडर’ म्हणजे देवदाराच्या जातीचं लाकूड म्हणायचे, कारण रंग तांबूस, वास सुगंधी आणि वजन हलकं. आता तुनाचा आणि खऱ्या देवदाराचा एकेक तुकडा घ्या, धारदार पात्याने आडवा कापा आणि साध्या भिंगाखाली धरा. तुनात वार्षिक वलयाच्या सुरुवातीला मोठमोठी छिद्रं ओळीने दिसतात. देवदारात अशी वाहिन्यांची छिद्रं नसतातच. ती छिद्रं म्हणजे पाणी वर नेणाऱ्या वाहिन्यांची तोंडं. देवदार सूचिपर्णी, त्याचं पाणी बारीक बंद पेशींमधून झिरपत जातं. तून हा सपुष्प वृक्ष, कडुनिंबाच्या कुळातला. रंग आणि वास यांनी जवळ आणलेली दोन लाकडं भिंगाखाली एका क्षणात लांब गेली. लाकडाची साक्ष म्हणतात ती ही.

पण तून आणि देवदार वेगळे, हे पान बघूनही कळतं. खरा प्रश्न येतो तो जवळच्या कुळांचा. तिथे जायचं तर आधी त्या काळची व्यवस्था समजून घ्यायला हवी.

आपल्या भागातल्या झाडांची पहिली भरभक्कम नोंद म्हणजे थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ. तो १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाला. कुक हे मूळचे अभियंते, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले. त्यांच्या पाठोपाठ वनाधिकारी टॅल्बट यांचा इलाख्यातल्या वनवृक्षांवरचा ग्रंथ आला, १९०९ ते १९११ मध्ये. या काळातली मांडणी बेंथम आणि हुकर यांच्या पद्धतीची. त्यांचा मूळ ग्रंथ १८६२ ते १८८३ या काळात निघाला होता आणि तो मुख्यतः फुलावर उभा आहे. पाकळ्या सुट्या की जुळलेल्या, पुंकेसर किती, बीजकोश वर की खाली, यावरून कूळ ठरायचं. आपल्याकडे बी.एस्सी.ला ज्यांनी वनस्पतिशास्त्र घेतलं असेल त्यांना ही पद्धत तोंडपाठ असते. फुलावर भर देणं चूक नव्हतं. झाडाची उंची, पानांचा आकार, सालीचा रंग हे सगळं जमीन आणि पाऊस यांनुसार बदलतं, फूल त्या मानाने स्थिर राहतं. हाताशी असलेल्या साधनांत तोच सगळ्यात भरवशाचा पुरावा होता.

याच काळात जर्मनीत दुसरा विचार आकार घेत होता. म्युनिकच्या लुडविग राडल्कोफर यांनी १८८३ साली एका भाषणात मांडलं की वनस्पतींचं वर्गीकरण करताना अंतर्रचना, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी पेशींची ठेवण, बरोबरीने विचारात घ्यायला हवी. त्यांचे शिष्य हान्स सोलेरेडर यांनी १८८५ साली लाकडाच्या रचनेचं वर्गीकरणातलं मोल किती, याच विषयावर प्रबंध लिहिला. १८९९ मध्ये त्यांचा द्विदल वनस्पतींच्या अंतर्रचनेवरचा मोठा ग्रंथ आला. इकडे हिंदुस्थानात जेम्स सायक्स गॅम्बल या वनाधिकाऱ्याने १८८१ साली भारतीय लाकडांची पुस्तिका काढली आणि १९०२ मध्ये ती वाढवून पुन्हा छापली. गॅम्बल यांचा हेतू मुख्यतः वनखात्याच्या उपयोगाचा होता. इमारतीला कुठलं लाकूड, रेल्वेच्या स्लीपरला कुठलं, जळणाला कुठलं, हे वनखात्याला हवं होतं. सोलेरेडर यांना मात्र कुळांची नाती हवी होती. लाकूड तेच, विचारलेले प्रश्न दोन. पुढच्या काळात डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत हे दोन्ही प्रश्न एका टेबलावर आले. तिथल्या के. ए. चौधरी आणि एस. एस. घोष यांनी भारतीय लाकडांच्या सूक्ष्म रचनेवरचा ग्रंथ १९५८ पासून प्रसिद्ध करायला घेतला.

आता आपल्या झाडांकडे येऊ.

जांभूळ, हिरडा, ऐन, अर्जुन, नाणा, धायटी, डाळिंब, पेरू आणि अंजनी. ही सगळी नावं एका दमात घेतली तर कुणी म्हणेल, यांचा एकमेकांशी काय संबंध? हिरडा औषधात, ऐन घराच्या तुळईला, धायटीची लाल फुलं आसवाला, डाळिंब आटपाडीच्या माळावर. पण ही सारी झाडं मायर्टेलीस नावाच्या एका गणात बसतात. गण म्हणजे अनेक कुळांचा मोठा गोतावळा. जांभूळ-पेरूचं एक कूळ, हिरडा-ऐन-अर्जुनाचं दुसरं, नाणा-धायटीचं तिसरं, अंजनीचं चौथं.

या गोतावळ्याला बांधणाऱ्या दोन खुणा खोडात आहेत. पहिली खूण रसवाहिनीची. झाडात पाणी वर नेणारी जलवाहिनी आणि पानात तयार झालेलं अन्न वाहून नेणारी रसवाहिनी असते, हे आपण शाळेत शिकलो. बहुतेक झाडांत रसवाहिनी सालीच्या बाजूला, बाहेर असते. म्हणून तर खोडाची साल गोल सोलून काढली की झाड हळूहळू वाळतं. मायर्टेलीस गणातल्या झाडांत मात्र सालीखालच्या रसवाहिनीखेरीज आणखी एक रसवाहिनी लाकडाच्या आतल्या अंगाला, गाभ्याला लागून असते. जांभळाची करंगळीएवढी डहाळी घेऊन आडवा पातळ छेद घेतला, तर ती सूक्ष्मदर्शकाखाली सापडते. जुन्या खोडातून कापलेल्या फळीत ती मिळायची नाही, कारण फळीत गाभाच येत नाही. त्यामुळे लाकडाच्या अभ्यासाला ठोकळ्याबरोबर डहाळीही जमा करावी लागते.

दुसरी खूण फार बारीक. पाण्याच्या वाहिन्यांच्या भिंतींवर सूक्ष्म खळगे असतात. शेजारच्या पेशीशी पाण्याची देवघेव तिथून होते. काही झाडांत या खळग्यांच्या तोंडाशी भिंतीतूनच फुटलेल्या बारीक बोंडांची झालर असते. इंग्रजीत अशा खळग्याला वेस्चर्ड पिट म्हणतात; आपण झालरीचा खळगा म्हणू. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांना ही झालर चाळणीसारख्या पडद्यावरची भोकं वाटली होती. हार्वर्डच्या आयर्व्हिंग बेली यांनी १९३३ साली दाखवून दिलं की ती भोकं नाहीत, भिंतीतून आलेली वाढ आहे, आणि ती ठरावीक कुळांतच मिळते. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आले, तेव्हा ती झालर लख्ख दिसली.

या दोन खुणा हातात घेऊन आता कुंभ्याकडे जाऊ. सातारा-सांगलीच्या पश्चिमेकडच्या जंगलांत कुंभा ओळखीचा आहे. मोठं फूल, चार पाकळ्या, पुंकेसरांचा भरगच्च झुबका, बीजकोश खाली, फळाच्या डोक्यावर पेरूसारखा निदलांचा मुकुट. फुलावरून पाहिलं तर हा जांभळाचा भाऊच. बेंथम-हुकरांनी त्याला जांभळाच्या कुळात घातलं आणि कुक यांनीही तसंच ठेवलं. आता डहाळीचा छेद घ्या. गाभ्याजवळ रसवाहिनी नाही. वाहिन्यांच्या खळग्यांना झालर नाही. दोन्ही खुणा गैरहजर. फूल सांगतं भाऊ, लाकूड सांगतं परका. कुंभ्याचं कूळ वेगळं मानलं गेलं आणि पुढे त्याला मायर्टेलीस गणाबाहेर ठेवणाऱ्यांची संख्या वाढत गेली. १९८४ साली हॉलंडमधल्या लायडनच्या व्हॅन व्हलीट आणि पीटर बास यांनी या गणाच्या लाकडाचा एकत्र आढावा घेतला. ज्या कुळांत या दोन खुणा मिळत नाहीत त्यांना बाहेर ठेवण्याला त्यातून बळ मिळालं. नंतर डीएनएचा पुरावा आला, तेव्हा कुंभा भलत्याच घरात सापडला. मोह, बकूळ, टेंभुर्णी आणि चहा यांच्या गणात. म्हणजे लाकडाची साक्ष खरी होती. कुंभ्याचा पुंकेसरांचा झुबका त्याच्या घराण्यात वेगळा घडला होता आणि जांभळाचा वेगळा.

अंजनीची गोष्ट याहून नाजूक आहे. महाबळेश्वरच्या बुटक्या, दाट सदाहरित रानात जांभूळ आणि पिसा यांच्याबरोबरीने अंजनीचं राज्य असतं. निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ थेट फांदीला चिकटून येतात, तेव्हा आख्खं झाड निळं दिसतं. इथे एक सांगायला हवं, खानदेशातला अंजन तो हा नव्हे. तो शेंगा धरणाऱ्या कुळातला वृक्ष आहे. आपल्या अंजनीला जुन्या ग्रंथांनी मेलास्टोमाच्या कुळात ठेवलं. पण मेलास्टोमाच्या पानात देठापासून टोकापर्यंत समांतर धावणाऱ्या ठळक शिरा असतात, तशा अंजनीच्या पानात नाहीत. आणि लाकूड तर फारच वेगळं. अंजनीच्या खोडाच्या आडव्या छेदात, ऐन लाकडाच्या मधोमध, रसवाहिनीची बारीक बेटं विखुरलेली दिसतात. खोड जाड होत असताना कॅम्बियम, म्हणजे वाढीचा थर, अधूनमधून आतल्या बाजूलाही रसवाहिनी सोडून पुढे जातो, ती ही बेटं. मेलास्टोमात ती नाहीत. अंजनीचे लाकडी तंतूही वेगळ्या घडणीचे आहेत. मग अंजनीला वेगळं कूळ द्यायचं का? काहींनी दिलं, काहींनी नाही. डीएनएने जे सांगितलं ते दोन्ही पक्षांना थोडं थोडं पटेल असं आहे. मेलास्टोमा-मंडळींचे सगळ्यात जवळचे नातेवाईक अंजनीवालेच आहेत, पण ते त्या वंशातून सगळ्यात आधी फुटून निघाले. फाटा खरा, तो कुठे फुटला तेही लाकडाने बरोबर दाखवलं. त्या फाट्याला कूळ म्हणायचं की उपकूळ, हा ठरवण्याचा भाग आहे. निसर्ग त्यात पडत नाही.

डाळिंबाचंही असंच. फळ इतकं जगावेगळं की अनेकांनी त्याला स्वतःचं एकट्याचं कूळ देऊन टाकलं. पण खोडात दोन्ही खुणा आहेत आणि आजच्या वर्गीकरणात ते धायटी-नाण्याच्या कुळात, म्हणजे मेंदीच्याही कुळात आहे. बेंथम-हुकरांनी त्याला तिथेच ठेवलं होतं! फुलाची पद्धत प्रत्येक वेळी चुकली, असं कुणी समजू नये.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, मग लाकूड कधी फसवतच नाही. फसवतं. म्हणून रामेठा.

पावसाळा सरला की कास आणि महाबळेश्वरच्या परिसरात पिवळ्या फुलांच्या गेंदांनी भरलेली झुडपं दिसतात, तो रामेठा. त्याची साल विषारी, मासे गुंगवायला वापरली जायची. बेंथम-हुकरांनी त्याच्या कुळाला मायर्टेलीसपासून फार लांब, पाकळ्या नसलेल्या वनस्पतींच्या विभागात ठेवलं होतं. पण रामेठ्याच्या कुळाच्या खोडात काय आहे? गाभ्याजवळ रसवाहिनी आहे. खळग्यांना झालर आहे. दोन्ही खुणा हजर! अमेरिकेतल्या आर्थर क्रॉनक्विस्ट यांनी १९८१ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात या कुळाला मायर्टेलीस गणात आणलं. कुंभ्याला ज्या न्यायाने बाहेर ठेवायचं त्याच न्यायाने रामेठा आत यायला हवा, हे तर्काला धरून होतं. पण १९९० च्या दशकात डीएनएचे पुरावे आले आणि १९९८ साली अनेक शास्त्रज्ञांनी मिळून नवं वर्गीकरण मांडलं, त्यात रामेठ्याचं कूळ कापूस, भेंडी, अंबाडी आणि सावरीच्या गणात गेलं. एकाच जोडीच्या खुणा, कुंभ्याबद्दल खऱ्या बोलल्या आणि रामेठ्याबद्दल खोट्या.

असं का व्हावं? या प्रश्नात या सगळ्या इतिहासाचं मर्म आहे.

बाजूला करवंदाची जाळी असेलच, तिची डहाळी तपासा. करवंद, रुई, कुडा यांच्या कुळातही गाभ्याजवळची रसवाहिनी आणि झालरीचे खळगे दोन्ही मिळतात. पण करवंदाला चीक असतो, पाकळ्या जुळलेल्या असतात, म्हणून त्याला जांभळाजवळ नेण्याचं कुणाच्या मनात आलं नाही. बाभळीत झालरीचे खळगे आहेत, आतली रसवाहिनी नाही. म्हणजे या खुणा वनस्पतींच्या इतिहासात एकदाच नव्हे, अनेकदा स्वतंत्रपणे उपजल्या. २००४ साली युरोपातल्या अभ्यासकांनी जगभरच्या कुळांची पाहणी करून दाखवलं की झालरीचे खळगे असलेल्या झाडांचं प्रमाण उष्ण प्रदेशात, विशेषतः कोरडा ऋतू असलेल्या भागांत, जास्त आहे. वाहिनीतलं पाणी ताणलं जातं तेव्हा खळग्यातला पातळ पडदा फाटू नये, याला झालर टेकू देत असावी, असा एक विचार मांडला गेला आहे. जी गोष्ट झाडाच्या कामाची आहे ती वेगवेगळ्या वंशांत पुन्हा पुन्हा घडू शकते. मग ती नात्याची खूण राहत नाही, गरजेची खूण होते.

सातारा-सांगली हा टापू या मुद्द्यासाठी मुद्दाम आखल्यासारखा आहे. महाबळेश्वरला वर्षाला साधारण सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि पूर्वेला माण, आटपाडी, जतचा दुष्काळी पट्टा. मध्ये अंतर फार नाही. लाकडातल्या वाहिन्या किती रुंद, किती दाट, एकेकट्या की गटाने, हे बरंचसं पाण्यावर ठरतं. अमेरिकेतल्या शर्विन कार्लक्विस्ट यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात हाच मुद्दा विस्ताराने मांडला. लाकूड हे आधी झाडाचं पाणीपुरवठ्याचं यंत्र आहे, वंशावळ नंतर. त्यामुळे दोन लाकडं सारखी दिसली की दोन शक्यता असतात. एक, पूर्वज एक. दोन, अडचण एक. या दोहोंत फरक करायला एकट्या लाकडाचा पुरावा पुरत नाही. फूल, बी, परागकण आणि आता डीएनए यांच्यासमोर तो उभा करावा लागतो. गावात एखाद्या वादात एकाच साक्षीदारावर निकाल देत नाहीत, तसंच हे.

एका उलट उदाहरणाने हा हिशोब पुरा होईल. दक्षिण अमेरिकेतलं व्होकिसिएसी नावाचं कूळ क्रॉनक्विस्ट यांनी मायर्टेलीसपासून लांब ठेवलं होतं, कारण फूल तसं होतं. लाकडाचे अभ्यासक मात्र त्याच्या झालरीच्या खळग्यांकडे बोट दाखवत होते. डीएनएने त्यांच्या बाजूने कौल दिला. त्याच क्रॉनक्विस्टांच्या ग्रंथात एका ठिकाणी लाकडाचं ऐकल्याने चूक झाली आणि एका ठिकाणी न ऐकल्याने.

आता शेवटचा आणि थोडा बोचरा प्रश्न. डीएनए आला, नाती त्याच्यावरून ठरतात, मग लाकडाचे छेद घेत बसायचं कशाला? महाविद्यालयांतली मायक्रोटोम यंत्रं कपाटात ठेवून द्यायची का?

आम्हाला तसं वाटत नाही, आणि कारणं रोजच्या व्यवहारातली आहेत. तपासणी नाक्यावर अडवलेल्या ट्रकमधल्या ओंडक्याला पान नसतं, फूल नसतं. तो कशाचा, हे पहिल्यांदा भिंग सांगतं. उत्खननात निघालेल्या चुलीतल्या कोळशात डीएनए बहुधा उरत नाही, पण वाहिन्यांची ठेवण जळूनही टिकते. हडप्पाच्या दफनभूमीत सापडलेल्या शवपेटीच्या अवशेषांत देवदार आणि शिसवीच्या जातीचं लाकूड आहे, हे चौधरी आणि घोष यांनी लाकडाच्या रचनेवरूनच ओळखलं. आपल्या पायाखालच्या काळ्या पाषाणाच्या थरांत, वर्धा जिल्ह्यातल्या नवरगावला किंवा छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलानला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची लाकडं दगड होऊन पडली आहेत. त्यांना विचारायचं तर वाहिन्या, किरण आणि खळगे यांच्याच भाषेत विचारावं लागतं. आणि त्या जुन्या लाकडाला ओळखायला आजच्या जांभळाचा, ऐनाचा, नाण्याचा नमुना शेजारी लागतो. तो नमुना जिथली माती, जिथला पाऊस, तिथला असला तर उत्तम, कारण लाकडात नातं आणि हवामान दोन्ही मिसळलेली असतात हे आपण आताच पाहिलं.

म्हणून आमचं मागणं साधं आहे. कोयना-चांदोलीच्या रानातली आणि आटपाडी-जतच्या माळावरची झाडं, वादळात पडलेली, रस्तारुंदीत तोडलेली, ती जळणात जाण्याआधी त्यांचा वीतभर ठोकळा आणि एक डहाळी नाव, गाव, तारीख लिहून जवळच्या महाविद्यालयात ठेवली जावी. त्याला खर्च फार नाही. वनखात्याची परवानगी आणि एक कोरडं कपाट लागतं. डीएनए आपल्याला सांगतो की रामेठा कुणाचा नातेवाईक. पण कापसाच्या गोतात जन्मलेल्या रामेठ्याने जांभळासारखं खोड का घडवलं, हे विचारायचं असेल तर त्याचा छेदच घ्यावा लागेल. त्याचं उत्तर अजून रानातच आहे.